उजवीकडे दीड इंच

रायकरशेठ आले तेव्हा मी दुकान बंदच करत होतो.
शटर अर्धं घ्या म्हणाले,
आणि कटिंगच्या टेबलावर आधी लायसन्स ठेवलं,
फोटो, शिक्का, सही,
जणू मापं तिथूनच सुरू होतात.

बत्तीस बोअर. कानपूरची.
ती बरोबर आणली नव्हती.
"दुसऱ्याच्या दुकानात काढायची वस्तू नाही ती, बगाडे."

ठाकूरद्वारच्या या गाळ्यात
मी पोटं लपवली, कुबडं लपवली,
एका नवरदेवाचा पडका खांदा
कापूस भरून मंगलाष्टकं संपेपर्यंत उभा ठेवला.
लोखंड पहिल्यांदाच.

वेलजीकडून वजनं आणली,
एक पाचशेचं, एक दोनशेचं,
फडक्यात बांधून त्यांच्या पट्ट्याला अडकवली.
चाला, म्हटलं. वाका. बसा.
फळीवरचा डबा काढायचाय समजून हात वर करा.
हात वर गेला की शर्ट वर जातो, सगळं उघडं.
मग लांबी चार बोटं वाढवली,
उजवीकडे घेर दीड इंच,
कापड गडद, चौकडीचं.
चौकडीत फुगवटा हरवतो, पांढऱ्यात बोलतो.

ते शिकवत होते, मला की स्वतःला कोण जाणे:
चाप चामड्यानं पुरता झाकलेला हवा.
नुसत्या खिशात कधीच नाही, किल्ल्यांबरोबर तर नाहीच.
दोन घोट घेतले, त्या दिवशी ती तिजोरीत.
आणि सारखं चाचपायचं नाही,
चाचपणारा हात लांबून ओळखू येतो.
तोंडात टाचण्या धरून मी हूं हूं केलं.
का हवी, विचारलं नाही.
त्यांच्या कानामागे टाक्यांची रेघ होती.
वाईट शिलाई. घाईतली, सरकारी.

दर दिवाळीला दोन शर्ट.
निवडणुका लागल्या की ती पोलीस ठाण्यात जमा;
तेव्हा त्याच शर्टात यायचे
आणि उजवी बाजू नुसती लोंबायची.
"हलकं वाटत असेल," मी म्हटलं.
"छे. चालताना डावीकडे कलतो."

एकदा ऊर्वी आली होती, त्यांची धाकटी,
सात वर्षांची, मूठभर चणे घेऊन.
बाप पडद्यामागून बाहेर आला तशी धावली
आणि अगदी शेवटच्या पावलाला
वळसा घालून डावीकडून बिलगली.
त्या क्षणी कुणी काही सांगितलं नव्हतं.
पाणी दगड ओळखतं, तशी.
मी उगाच खडूला टोक काढत बसलो.

परवा पुन्हा अर्ध्या शटरखालून आले.
फणसवाडीच्या वळणावर, रात्रीचे साडेनऊ,
मागून कुणी धावत आलं,
खांद्यावर हात पडला,
"आणि माझा हात मी नेला नाही, बगाडे.
तो गेला."
वळून बघतात तर भेळवाल्याचा पोऱ्या,
यांचे विसरलेले वीस रुपये घेऊन,
धाप लागलेला.
त्याला काही कळलं नाही. हसला, गेला.
यांना भिंत धरून थांबावं लागलं.

मला वाटलं म्हणतील, घेर आत घ्या.
म्हणाले, आतून एक बटण लावा.
उजव्या बाजूला, घट्ट.
सहज निघायला नको.

मग तिचा उपयोग काय, शेठ?

ते कापडाच्या ताग्यांकडे बघत राहिले.
रस्त्यावरून भांड्यांची हातगाडी गेली,
तिचा आवाज पार संपेपर्यंत.

काज मी हातानंच केलं, दुहेरी दोरा, आवळून.
शर्ट अंगावर चढवून उघडून पाहिलं:
एक, दोन.
दोनात चेहरा दिसतो का माणसाचा?
दिवा बारीक करून पुन्हा पाहिलं.
मग आणखी दोन टाके घातले.

बिलावर काय लिहावं सुचेना.
लिहिलं: बटण, एक.