पिंप कधी रिकामं करत नाहीत

वर्धा रोडच्या हॉटेलातून साडेबाराला सुटतो.
अजनीचा पूल, गल्लीतली कुत्री,
आणि कूलरसमोर जागी बसलेली पोरगी,
हातात माझीच कार्डं.
सहावीत आहे. मला शिकवायला घेते.

"वेर्देजो नाही, पप्पा. जे चा ह होतो."
वेर्देहो.
"परत."
वेर्देहो. रात्री तोडतात, दिव्याच्या उजेडात,
दिवसा ऊन रस बिघडवतं म्हणून.
"अन् हा?"
आल्बारिन्यो. समुद्राकाठचा.
दगडी खांबांवर मांडव, खालून हवा खेळती ठेवायची.
चव पीचची, लिंबाच्या सालीची, शेवटी मीठ.
"तुम्ही पीच खाल्लंय?"
डब्यातलं. एका रिसेप्शनला.
"अन् समुद्र?"
पुढचं कार्ड काढ.

आयरेनचं कार्ड सगळ्यात मळलंय.
कोरडं पठार, झाड जमिनीला टेकलेलं,
एकापासून दुसरं लांब,
पाण्यावरून भांडण नको म्हणून.
एवढं पीक, की पठार सरता सरत नाही,
आणि बाटलीवर नाव क्वचित.
बराचसा रस ब्रँडीच्या भट्टीत जातो.
भट्टी म्हटलं की मी जरा थांबतो.
पोरगी समजते विसरलो.

परीक्षा शनिवारी झाली. बाहेर सेहेचाळीस,
हॉलमध्ये स्वेटर घालावा अशी थंडी.
पुण्याहून आलेल्या बख्तावर मॅडम,
पांढरी चादर, तीन ग्लास,
आणि कागदावर वासांचं गोल चक्र:
फळं, फुलं, लाकूड, माती, लोणी.
पहिल्यात कापलेलं गवत. लिहिलं.
दुसऱ्यात लिंबू. लिंबू सोपं.
तिसरा ग्लास पालोमिनोचा,
द्राक्ष पांढरं, दारू मात्र कोऱ्या चहासारखी.
नाक नेलं आणि
कुरखेड्याचं अंगण.
चैत्र. चटईवर वाळत घातलेला मोह,
कुत्र्याला हाकलणारी आत्या,
पहाटे टोपलं घेऊन गेलेली,
ऊन चढायच्या आत वेचून आलेली.
मग एकदा जीप आली,
मडकी फुटली, अंगणभर तो वास,
आणि आत्या दोन रात्री ठाण्यात.

चक्र तीनदा फिरवून पाहिलं. मोह नव्हता.
मनुका लिहिलं. अक्रोड लिहिलं.
खाली जागा उरली तिथे लिहिलं, मोह.
"हे काय?"
फूल आहे मॅडम. रात्री आपोआप गळतं.
त्यांचं पेन थोडा वेळ हवेत राहिलं,
मग 'फुलं' या घरावर त्यांनी अर्धी खूण केली.
अर्धी खूण कशी करतात मला माहीत नव्हतं.

ग्लासात बोटभर उरली होती.
खोकल्याच्या औषधाची बाटली खिशात होती,
का होती विचारू नका.

आत्या सध्या आमच्याकडे. मेडिकलला मोतीबिंदू झाला,
डोळ्यावर हिरवी पट्टी, आठवडाभर पाणी लावायचं नाही.
बाटलीचं झाकण काढून तिच्या नाकाखाली धरली.
काही सांगितलं नाही.
ती हसली नाही, रडली नाही.
दोनदा हुंगली, बोट बुडवून जिभेला लावलं,
आणि मांडीवर पुसलं.

"कोणाची व्हय?"
लांबची, म्हटलं. स्पेनची.
"चांगली उतरली. आच बराबर हाय."
मग थोडं थांबून, तक्रार करावी तशी:
"पण मडकं धुतलं नाही त्यायनं. जुनं बसलं हाय आत, लय वर्षाचं."

पोरीनं कार्डांची चळत उलटी केली,
पालोमिनो शोधला,
आणि मागची ओळ मोठ्यानं वाचली.
आत्यानं बाटली परत मागितली.