जडवस्तू नोंदवही, पान एकोणीस

सोमवारी ऑडिट.
भूगर्भशास्त्र जूनपासून बंद,
तीन पोरं उरलीत, तीही भूगोलाला चाललीत.
चावी माझ्याकडे, म्हणून मोजणीही माझ्याकडे.
उखा शिंपी, प्रयोगशाळा परिचर, शहादा.

कपाट क्रमांक दोन.
शिंपले, दगडातले, नग चाळीस.
एकतीस सापडले.
शंख, सहा.
समुद्री साळू, चार.
साळू कसली, लिंबाएवढी गोळी,
पाठीवर पाच पाकळ्यांचं चांदणं
सुईने टोचून काढल्यासारखं.
रघुवंशी सर आडनावावरून चिडवायचे,
शिंप्या, तुझे भाऊबंद पुसून ठेव.
मी पुसायचो.
नऊ कोटी वर्षांची धूळ,
तिच्यावर गाळप हंगामातली काजळी.

नग सदतीस.
चुनखडक, जीवाश्मयुक्त, एक.
एका अंगाने काळा.
दरवर्षी कोणीतरी विचारायचंच,
सर, हा काळा थर कुठल्या काळातला?
सर माझ्याकडे बघायचे.

एक्क्याण्णव साल, दिवाळीनंतरची थंडी.
धडगावपर्यंत एसटी, पुढे पाय.
नर्मदेच्या अंगाला उतरत गेलं
की काळा दगड संपतो, असं सर म्हणत होते
आणि संपला.
खाली पांढुरका, खरबरीत,
बोट फिरवावं तर शिंपल्याची कड लागते.
इथं समुद्र होता, सर म्हणाले,
उथळ, कमरेएवढा, फार तर माडीएवढा.
याला म्हणतात बाघचे थर.
वाट दाखवणारा नूरजी पावरा थबकला,
कुऱ्हाड नीट धरून झाडीत बघायला लागला.
गावाचं नाव आहे भो ते, मध्य प्रदेशातलं.
नूरजी म्हणाला,
वाघ पण तिकडूनच यायचा.

कुंडलबारी पाड्यावर, थावलीच्या झोपडीत, बिनदुधाचा चहा.
चुलीचे तीन दगड.
डावा शिंपल्यांनी भरलेला,
दाणा भरलेल्या ज्वारीच्या कणसासारखा.
सर गुडघ्यांवर बसले,
ऊन राखेतच मोजू लागले,
मग खिशातून शंभराची नोट काढली.
तिने नोटेकडे बघितलंही नाही.
नूरजीशी बोलली, नूरजी आमच्याशी:
न्या म्हणते.
पण दिस बुडायच्या आत दुसरा आणा.
दोन दगडांवर भाकर होत नाही.

ओढ्यातून मी काळा दगड आणला, खांद्यावर,
दोनदा खाली ठेवून.
तिने तो फिरवून फिरवून बसवला,
वर तवा ठेवला, हलवून बघितला.
पुन्हा फिरवला.
पसंत पडला की नाही
ते बोलली नाही.

सर गेले त्याला बारा वर्षं.
कुंडलबारी त्याआधीच धरणात.
मागे निवडणुकीची ड्यूटी लागली, लाँचमधून,
मतदान यंत्र मांडीवर.
लाँचवाल्याने मध्येच इंजिन बारीक केलं,
हनुवटीने खाली दाखवलं: इथं.
बघायला काय, हिरवट पाणी.
मी हात बुडवून बोट जिभेला लावलं.
गोडं.
समुद्र परत आलेला, मीठ तेवढं विसरून.

माझा दगड खाली असेल,
किंवा उठताना तिने तळोद्याकडच्या वसाहतीत नेला असेल.
चुलीचे दगड कोणी नेतं का?
माझ्या मायने नेले असते.

आता रकाने.
स्थिती: चांगली, नादुरुस्त, निर्लेखित.
नऊ कोटी वर्षांत हा नादुरुस्त झाला नाही,
सोमवारी निर्लेखित होईल.
कसा मिळाला: खरेदी, देणगी.
सरांनी रकाना कोराच ठेवलेला,
पेनाचा एक ठिपका टेकवून उचललेला दिसतो.

मी लिहिलं: अदलाबदल.
दगडाला दगड.

साहेब विचारतील, पावती?
तर काळ्या बाजूवर बोट घासून
पुढे करीन.
अजून लागते.