चौथा मजला

अकरा दिवस कोयंडे बसलाय
घोडपदेवच्या वळणावर, किल्लीवाल्याच्या स्टुलावर.
समोर चौथ्या मजल्यावरचा माणूस
सव्वासहाला गॅलरीत येतो,
ओव्याच्या कुंडीत तांब्यातलं उरलेलं पाणी ओततो,
चष्मा शोधतो. तो कपाळावरच असतो.

सुपारी घेताना कोयंडेनं वय विचारलं नव्हतं.
कधीच विचारायचा नाही.
आता दाढा गेल्यात,
खायची सुपारीसुद्धा भुगा करून लागते.

बाराव्या दिवशी गॅलरी रिकामी.
नऊ वाजले.
किल्लीवाला म्हणाला, गावी गेला असेल.
कोयंडे म्हणाला, चष्मा कठड्यावर ठेवून?

मग जिना.
दुसऱ्या मजल्यावर गुडघा, तिसऱ्यावर धाप.
एवढ्या वेळात पूर्वी
काम उरकून तो टॅक्सीत असायचा.

दारात दुधाची पिशवी, कोमट झालेली.
ती त्यानं उचलली. का, कोण जाणे.
कडी निघाली. शाल, तापलेला चेहरा,
बारीक केलेले डोळे:
"मेडिकलमधून ना? किती उशीर केलात."

"हो," कोयंडे म्हणाला,
आणि खांद्यावरच्या झोळीत हात घातला.
आत दोन्ही होतं,
त्याच्या स्वतःच्या गोळ्या
आणि ते.

चाचपत राहिला.
बोटांना हल्ली लवकर कळत नाही.