कोरडी फरशी

बास्केटखाली, कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात
माझं स्टूल आहे. हातात मॉप.
कुणी पडलं की धावायचं, घाम टिपायचा,
दोन श्वासांत परत स्टुलावर.
बफेलोत एकोणीस वर्षं मी हेच करतो.
पगाराच्या कागदावर लिओन वोझ्नियाक,
मैदानात नुसतं ‘ए, इकडे ओलं आहे.’

यंदा मला जानेवारीतच कळलं.
पेपरवाल्यांच्या आधी,
हप्त्यांनी तिकीट भरणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या आधी.
मॉप कोरडाच राहायला लागला.

हरा, असं कुणी कुणाला म्हणालं नाही.
म्हणत नसतात.
फक्त सेंटरचा गुडघा दर मंगळवारी दुखू लागला,
पॉइंट गार्डला विश्रांती,
आणि चौथ्या क्वार्टरला बेंचवरून अशी पोरं उठायची
ज्यांच्या जर्सीच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.
कोच हाताची घडी घालून उभा,
विम्याचे कागद खिशात ठेवून
आपल्याच घराची आग बघावी तसा.

रडीचा डाव मला ठाऊक होता.
हा न रडता खेळलेला,
अख्ख्या संघानं अंग चोरून.

वर काचेच्या खोलीत एका पोराचं नाव चालायचं.
एकोणीस वर्षांचा, सात फूट दोन, नेब्रास्कातल्या कुठल्याशा खेड्यातला.
हात म्हणे इतके लांब
की उभ्या उभ्या गुडघा खाजवतो.
तो हवा, तर तळाला जायला हवं.
पाण्यासाठी विहिरीत उतरावंच लागतं, मॅनेजर म्हणाला.
उतरा की.
पण मग दोर धरून वर बसलेल्यांकडून
तिकिटाचे पैसे कशाला घेता?

मार्चमध्ये सरोवरावरून बर्फ येत होतं
तेव्हा ओडेल प्रुइट आला, दहा दिवसांच्या करारावर.
तिशी उलटलेली. तुर्कस्तान, फिलिपिन्स,
जिथे पोट भरेल तिथे खेळून आलेला.
त्याला कुणी सांगितलं नसावं.
किंवा सांगितलंही असेल,
पण पुढच्या वर्षाचं बोलणं
दहा दिवसांच्या माणसाला कसं ऐकू जाणार?

सहावा दिवस. दोन गुणांनी मागे, अकरा सेकंद.
चेंडू बाहेर चालला होता,
जाऊ दिला असता तर सगळ्यांचंच भलं होतं.
ओडेल आडवा झाला.
छातीवर घसरत गेला
पहिल्या रांगेतल्या बाईच्या नाचोंपर्यंत,
पडल्या पडल्या चेंडू आत फेकला,
उठला, धावला, कोपऱ्यात उभा राहिला,
चेंडू परत आला त्याच्याकडे.
तीन.

स्टेडियम क्षणभर बावरलं.
एकोणसाठ वेळा हरून घेतलेली माणसं ती,
टाळी वाजवायची की नाही, एकमेकांकडे बघत राहिली.
मग वरच्या स्वस्त रांगेतून कुणीतरी किंचाळलं
आणि माझं स्टूल हललं.
काचेच्या खोलीतला दिवा
कुणीतरी मालवला.

मी धावलो.
ओली रेघ, माणसाच्या लांबीची,
तिच्यात कोपराच्या रक्ताचा एक ठिपका.
‘सॉरी हं,’ ओडेल मला म्हणाला.
घामाबद्दल.

अकराव्या दिवशी त्याचं कपाट रिकामं होतं.
आत पट्टीचा एक तुकडा, आणि हॉटेलचा साबण.

मे महिन्यात टीव्हीवर चौदा चेंडू
काचेच्या भांड्यात लाह्यांसारखे उडाले.
आमचे आकडे काही आले नाहीत.
नेब्रास्काच्या पोरानं दुसऱ्याच गावची टोपी घातली,
त्याला ती जरा घट्ट होत होती.
त्या एका विजयानं घात केला की नशिबानं,
यावरून मेहुणा आणि त्याचा मुलगा
अजून एका टेबलावर जेवत नाहीत.

ऑक्टोबरात मला नवा मॉप मिळाला.
जुना मी घरी आणलाय, गॅरेजमध्ये उलटा टांगलाय.
बायको विचारते, ही घाण टाकत का नाहीस?
वाळू दे, म्हणतो.
अजून ओला आहे.