सहा बाय सहा

गायधनी साहेब आले ते मंगळवारी, दुपारी,
शालिमारचा बाजार सुस्तावलेला असताना.
ओझरच्या एस.टी.तून एकटेच,
काखेत निळ्या पुठ्ठ्याची वही.
खुर्चीत बसले, तेव्हा हात आपसूक खांद्यांकडे गेले
पट्टे शोधत,
मग ओशाळून मांडीवर आले.

मी तक्ता उजळला. वरची ओळ वाचा.
'क. पुढे धूर.'
दुसरी?
'धूरच.'
म्हटलं, मोतीबिंदू पिकलाय, आधी ऑपरेशन करा.
'ते करू. आज मला एक ओळ वाचायची आहे.'

हे डोळे एके काळी सरकारी मालमत्ता होते.
वर्षातून दोनदा तपासणी,
दर वेळी शिक्का: सहा बाय सहा.
मी काचा बदलत होतो, ते बोलत होते.
'वर ज्याला आधी दिसतं, तो घरी जेवतो.
काचेवर माशीएवढा ठिपका.
उडाला तर माशी.
नाही उडाला तर आपण उडायचं.'

हे बरं की हे?
'आधीचं.'

मखमलाबादचं पोरगं, पेरूवरची पाखरं हाकणारं.
पाखरावर नाही मारायचं, पाखराच्या पुढे मारायचं,
पाखरू आपणहून येतं दगडाकडे.
हेच पुढे जामनगरला इंग्रजीत शिकवलं,
फळ्यावर कोन काढून.
'मला पहिला नंबर मिळाला,' म्हणाले,
'गोफणीचं नाव कुठे घेतलं नाही.'

हे बरं की हे?
'दोन्ही सारखीच. पुढे चला.'

एकाहत्तर, डिसेंबर, सकाळ.
त्याचं विमान वळलं आणि पोट चमकलं,
गंगेत मासा कुशीवर होतो तसं.
दोन सेकंद बटण.
तो मान वळवून बघत होता. पांढरं शिरस्त्राण. एवढंच.
'माझं इंधन कमी होतं. मी वळून बघितलं नाही.'
जरा थांबून:
'तेव्हा डोळे सहा बाय सहा होते.'

युद्धानंतर ओझर.
कारखान्यातून निघालेलं नवं विमान
आधी यांच्या मांडीखाली, मग देशाच्या.
कामगार म्हणायचे, सुईण आली.
निफाडवर आभाळ फुटायचं तेव्हा
आम्ही पोरं खिडकीकडे धावायचो,
मागून छडी घेऊन गुरुजी,
आणि तेही मान वर करून खिडकीतच.
पिंपळगावच्या मामाच्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं,
त्याने कारखान्याला तीन पत्रं लिहिली.
ते तुम्हीच होतात?
'मंगळवार असेल तर मी.
बाकीच्या दिवशी कोंबड्यांनी दुसऱ्याला विचारावं.'

मग वही उघडली.
तारीख, विमान, चाळीस मिनिटं, सगळं इंग्रजीत.
शेवटच्या रकान्यात फक्त दोन शब्द मराठी,
वरिष्ठांना वाचता येऊ नयेत म्हणून:
छत्री उघडली
आणि पुढे एक खूण.
'पूर्णविराम आहे की प्रश्नचिन्ह?
मीच लिहिलंय. आठवत नाही.
बायको होती तोवर तिला विचारायचं धाडस झालं नाही.'

मी अधिक चारची काच चढवली.
मग पाचची. मग हातभिंग.
कागदाला कधीतरी ओल लागलेली.
शाईचं टिंब शाबूत,
त्याच्यावर एक फिकट वळण,
शाईचं असेल, ओलीचं असेल.

मी माझा चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.
चाळीस वर्षं या गल्लीत लोकांना
जे आहे तेच दाखवायचा धंदा केला.
म्हणालो, टिंब दिसतंय.
'टिंब मलाही दिसतंय,' ते म्हणाले.

फ्रेम स्वस्तातली निवडली. शुक्रवारी मिळेल म्हटलं.
ॲडव्हान्स मोजून दिला, नोटा बोटांनी चाचपत,
आणि साडेचारची गाडी गाठायला निघाले.
वही काउंटरवर तशीच उघडी.
मी हाक मारली नाही लगेच.
दिवा जरा खाली ओढला.