शेवटून दुसरा

शेवटचा गोलकीपर. त्याच्यापुढे एनॉकदादा शेंडे,
त्याच्या डाव्या हाताला मी, सतरा वर्षांचा,
एक साइज मोठ्या बुटात वर्तमानपत्र कोंबलेला.
"बॉलकडे काहून पाहून राहिला बे?
पाय खोटे बोलतात. कमरेकडे ध्यान ठेव.
कंबर आजवर कोणाचीच खोटी बोलली नाई."

मोतीबागेत नॅरोगेजच्या डब्यांखाली
उताणा पडून तो नटबोल्ट आवळायचा,
तीन वाजता घासलेटनं हात धुऊन
सायकल हाणायचा बेझनबागेकडे.
गवत कसलं, मुरूम होता.
एक घसरती टॅकल म्हणजे मांडीचं साल.
रूथवहिनी रात्री हळद भरताना विचारायची,
"आज बॉल तरी लागला का पायाला?"

डब्याच्या पिशवीत त्याच्या मासिकाचं एक पान असे,
बर्डीच्या फुटपाथवर आठ आण्याच्या गठ्ठ्यातून निघालेलं.
वेल्समधला कुणी डिफेंडर,
गुडघ्यापर्यंत चिखल, पुढचा दात नाही,
नावाच्या सुरुवातीलाच दोन एल.
आम्हाला उच्चारता येईना, चर्चमधल्या फादरनाही येईना,
म्हणून दादानं त्याचं नाव ठेवलं लल्लू.
फोटोखाली बारीक टायपात लल्लूचा जन्म मांडलेला:
बाप कोळशाच्या खाणीत.
क्लब चार, सगळे खालच्या डिव्हिजनचे.
सामने चारशे सदतीस. गोल दोन.
स्वतःच्याच जाळ्यात तीन.
देशाकडून एकदा बोलावणं, नव्वद मिनिटं बाकावर.
आता घरोघरी दूध टाकतो.
"तरी छापला ना बाप्पा," दादा म्हणायचा,
आणि पान घडीवर घडी घालून ठेवून द्यायचा.

दादाचं कुणी छापलं नाही. माझ्याकडे आहे ते असं:
सोळा मोसम, एक क्लब.
राज्याच्या कॅम्पला एकदा नाव लागलं,
आठव्या दिवशी परत, तिकीट स्वतःच्या पैशाचं.
गोल शून्य.
किती गोल झाले नाहीत, ते मोजायला
कुठल्याच वहीत रकाना नसतो.

आणि मग तो फायनल. मे महिना,
कामठीची टीम, पाच मिनिटं उरलेली.
दादा ओरडला, "वर!"
सगळी लाइन एक पाऊल पुढे सरकली.
मी नाही सरकलो.
बुटातला कागद पायाखाली गोळा झाला होता, म्हणा.
किंवा मी बॉलकडे पाहत होतो, म्हणा.
त्यांचा फॉरवर्ड मोकळा सुटला,
दादाचा हात ऑफसाइडसाठी वर,
लाइनमनचा झेंडा मांडीला चिकटलेला,
कारण त्या क्षणी शेवटून दुसरा मी होतो.

ड्रेसिंगरूम म्हणजे एक कडुनिंब होता.
सेक्रेटरीनं विचारलं, कोण मागे राहिलं?
दादा बुटाची नाडी सोडत बोलला,
"मीच. गुडघा आला नाई वेळेवर."
पुढच्या मोसमात त्याचं नाव यादीत नव्हतं,
माझं होतं.

परवा रेल्वे हॉस्पिटलात त्याला भेटलो.
दोन्ही गुडघे नवे, नाकाला नळी.
एकोणतीस वर्षांनी सांगून टाकलं.
तो माझ्या कमरेकडे पाहत होता.
"मले माहीत हाये. थोबाड कशाला पाडतो?
मोबाइल हाये ना तुझ्यापाशी?
लल्लूचं नाव काढ."

काढलं. जीभ टाळूला टेकवायची
आणि दोन्ही कडांनी हवा सोडायची,
जुन्या ब्लॅडरमधून सुटते तशी.
आम्ही दोघं फुसफुसत बसलो,
तो पलंगावर, मी स्टुलावर,
तर सिस्टर धावत आली,
ऑक्सिजन कुठून गळतो ते पाहायला.
दादानं हात वर केला,
तसाच, कोपर सरळ ठेवून.