साईज वीस

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, मागच्या गल्लीतलं शेड.
दिवसाला चारशे हाफ पँटा जातात माझ्या हाताखालून.
काज, बटण, इलॅस्टिक,
शेवटी कंबरेच्या आत लेबल.
वय चार, साईज बावीस.
वय पाच, साईज चोवीस.
गठ्ठे बांधून कुठं कुठं जातात,
सगळीकडची चार वर्षांची पोरं बावीसचीच असतात म्हणे.

माझ्या ओजसला वीसची होते.
तीही पिन लावून.

डॉक्टरांच्या तक्त्यात एक हिरवी रेघ आहे,
आमचं टिंब तिच्या खाली.
बारा किलो आठशे.
"घाबरण्यासारखं काही नाही," म्हणाले,
आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.

शाळेच्या ग्रुपवर मला नाव नाही,
'ओजसची मम्मी' आहे.
सकाळी सातपासून तिथं डबे उघडतात:
बिटाची इडली, नाचणीचं अस्वल, गाजराचे तारे.
मी पोळीला शेंगाचटणी लावते, गुंडाळते,
फोटो काढते,
पुसून टाकते.
कुणी विचारतं, घरी इंग्लिश बोलतो का?
घरी तो आजीशी तेलुगू बोलतो, माझ्याशी मराठी,
फोनमधल्या गायीशी इंग्लिश.
फोन किती वेळ, ते मी अर्धं करून सांगते.
उरलेल्या अर्ध्यात भात लावते, भांडी घासते,
आणि एखाद्या दिवशी
मोरीचं दार लावून नुसती बसते.

सासूनं, राजव्वानं, चाळीस वर्षं विड्या वळल्या.
पानावर पत्र्याचा फर्मा, फर्म्याभोवती कात्री,
बाहेर उरलं ते खाली.
हजार विड्या, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला.
झोळीत माझा नवरा.
मला वाटायचं, हिला कसली आली काळजी,
ना रेघ, ना ग्रुप.
एकदा तोंडावर बोलले तसं.
मे महिना, लाईट गेलेली, दूध नासलेलं.

ती उठली. ट्रंकेतनं काळा दोरा काढला.
जुना करगोटा, जागोजाग गाठी.
"दर गड्ड्याला एक घालायची.
पोरगं वाढलं का, कळाया नको?"
एका जागी दोन गाठी एकमेकींवर चढलेल्या.
मी बोट ठेवलं.
"त्या वर्षी नाही वाढला," म्हणाली,
आणि दोरा परत घडी घालून ठेवला.
त्या वर्षी काय झालं तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

आज पाचव्या दिवसाचं पाणी.
पहाटे तीनला नळ आधी खोकतो,
मग थुंकतो, मग येतो.
पिंप, घागरी, कुकरसुद्धा भरून ठेवते.
वळून बघते तर ओजस उठून आलाय
आणि टपात बसलाय, चड्डीसकट.
काठावरनं पाणी चाललंय फरशीवर,
पाच दिवसांचं पाणी.
ओरडायला तोंड उघडते.

"अम्मा, बघ की,
मी बसलो तर पाणी वर आलं!"

किती वर? सवयीनं विचारते.
तो दोन बोटं दाखवतो. मग विचार करून तीन.

नळ जायला अजून वीस मिनिटं आहेत.